विमानांना चारा

डोळे मिटले की ते मैदान मला अजून लालच दिसतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, लांब आणि सरळ, नुसतं लाल. हिवाळ्याची सकाळ असायची. तापीकडून धुकं सरकत यायचं आणि त्याच्याखालून वाळत घातलेल्या मिरच्यांचा रंग हळूहळू वर यायचा. आधी फिका, मग विटकरी, आणि ऊन पडलं की डोळ्यांना सोसवेना असा. मी हातात चहाची पितळी घेऊन दारात उभी राहायची आणि मला वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत. मग ठसका लागायचा. ठसका लागला की जागी आहे याची खात्री पटायची.

ते मैदान म्हणजे विमानतळ होता. हसू नका, सरकारी कागदावर तसंच लिहिलेलं होतं. लढाईच्या दिवसांत एखादं विमान अडचणीत सापडलं तर उतरायला जागा असावी म्हणून, नंदुरबारहून कोरीटकडे जाणाऱ्या वाटेवर मुरूम टाकून, रूळ फिरवून गोऱ्या साहेबांनी ही धावपट्टी केली होती. लढाई संपली, साहेब गेले, धावपट्टी मागे राहिली. तिच्यासोबत राहिले आमचे हे. मुरूम टाकायला मजूर म्हणून आले आणि रखवालदार म्हणून कायम झाले. मी लग्न होऊन रनाळ्याहून निघाले ती थेट विमानतळावर. माहेरच्या बायका सगळीकडे सांगत सुटल्या, "आम्हनी पोर इमानतयवर दिनी!" त्यांना वाटलं, मी आता उडतच माहेरपणाला येणार. मी आले ती दरवेळी बैलगाडीने.

विमान मी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, पण आभाळात, सुरतेच्या बाजूला जाणारं, करंगळीएवढं. आवाज आला की हे हातातलं काम टाकून धावपट्टीच्या मध्यावर जाऊन उभे राहायचे. तिथे जमिनीवर चुन्याचा एक मोठा पांढरा गोल होता. तो वरून दिसावा म्हणून हे दर दिवाळीला स्वतः चुना कालवून ओढायचे. वारा कुठला आहे ते वैमानिकाला कळावं म्हणून उंच काठीवर कापडाचा भोंगा होता. सरकारने दिलेला भोंगा पहिल्याच पावसात फाटला, दुसरा कधी आला नाही, म्हणून मी माझ्या जुन्या लुगड्याचा शिवून दिला. बाजाराला जाणारे लोक त्याला एकपायी पायजमा म्हणायचे. वाऱ्यावर तो फुगला की मला उगाच बरं वाटायचं.

विमानं येत नव्हती, पण मैदान रिकामं कधी नसायचं. पावसाळ्यात गवत माजायचं, त्याचा लिलाव व्हायचा. उन्हाळ्यात वऱ्हाडांचे मांडव पडायचे, एखाद्या वर्षी तंबूतला सिनेमा यायचा. आणि हिवाळाभर मिरच्या. नंदुरबारचे मिरचीवाले चाचा, चार पिढ्या गावात व्यापार केलेले, दरसाल ती सगळी पट्टी भाड्याने घ्यायचे. मुरमाची, सपाट, कोरडी जमीन. मिरची वाळवायला अशी पथारी पंचक्रोशीत दुसरी नव्हती. या सगळ्याचं भाडं हे घ्यायचे, पावती फाडायचे, देखभालीचा किरकोळ खर्च वजा करायचे आणि बाकीचं गावातल्या सरकारी तिजोरीत भरायचे. तिथून ते कुठे जायचं, देव जाणे. मैदानाचं भाडं मैदानावरच खर्चावं असा एक जुना हुकूम होता. हे तो हुकूम ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या टाकून जपून ठेवायचे. पण आमच्या छपराच्या कौलांसाठी चार वर्षं अर्ज केले तरी एक कौल आलं नाही.

महसुली वर्ष जुलैअखेर संपायचं, तेव्हा मुंबईला एक पत्रक पाठवायचं असे. किती भाडं आलं, किती खर्च झाला, किती भरलं. यांना हिशेब तोंडपाठ, पण लिहिण्याचा कंटाळा. मी सातवी पास. म्हणून हे अहिराणीत सांगायचे आणि मी कचेरीच्या मराठीत लिहायची. हे म्हणायचे, "गवतना पैसा उनात, लिख." मी लिहायची, 'गवताचे लिलावापोटी रक्कम प्राप्त.' ते वाक्य हे दोनदा माझ्याकडून वाचून घ्यायचे. स्वतःच बोललेलं असं टोपी घालून उभं राहिलेलं पाहून त्यांना फार गंमत वाटायची. सगळं वाचून झालं की सही करायचे.

दोन-तीन महिन्यांनी पत्रकाची एक प्रत परत यायची. खाली जांभळ्या शाईचा शिक्का, 'तपासले'. बस, एवढंच. ना कौलांबद्दल एक शब्द, ना भोंग्याबद्दल. पण हे त्या शिक्क्यावरून, मग वरच्या एकेका ओळीवरून बोट फिरवायचे. म्हणायचे, "दखं? वाचस तो. एकेक ओय वाचस."

"कोण?"

"तठला मानूस."

तो तिथला माणूस यांनी मनातल्या मनात पुरा तयार केला होता. म्हातारा, चष्मेवाला, कमी बोलणारा, हिशेबाला कडक. मी म्हणायची, "अहो, तठे कोणी नई. कोण वाचस?" हे नुसते हसायचे.

त्यांना हा माणूस का हवा होता, ते मला माहीत होतं. गावात यांच्या पाठीमागे लोक बोलत. एवढं मोठं मैदान, एवढं भाडं, वर कोणी बघणारं नाही, मग हा खात नसेल कशावरून? चहाच्या दुकानात कोणी यांना सरकारचा जावई म्हणायचं, कोणी तोंडावर विचारायचं, किती कौलं सोन्याची घातली? हे चहा संपवून उठत. घरी येऊन मात्र जेवताना म्हणत, "एकदाव कोणी सायेब येवाले पाहिजे. बठ्ठं दखाडी देसू." आयुष्यात दुसरं काही त्यांनी मागितलं नाही. कोणीतरी यावं, वही उघडावी, आणि चार माणसांदेखत म्हणावं की हा माणूस सरळ आहे.

ज्या वर्षी पाचव्यांदा अर्ज केला, त्या पावसाळ्यात आमच्या अंथरुणावर गळलं, पिठाच्या डब्यात गळलं, आणि पत्रक लिहायला बसले तर त्या कागदावरही टपकन थेंब पडला. माझं डोकं फिरलं. माझा राग मुळातच लवकर चढतो आणि उतरताना वाट चुकतो. देखभालीच्या खर्चाखाली, चुन्याच्या आणि दोरीच्या ओळीनंतर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विमानांसाठी चारा, कडबा, पेंढ्या शंभर.' पुढे बाजारभावाने किंमत लावली. भरण्याची थैली मीच बांधून द्यायची, तिच्यातून तेवढे रुपये बाजूला काढले. यांना वाचून दाखवताना ती ओळ गाळली. यांनी सही केली.

प्रत परत आली. खाली जांभळा शिक्का. तपासले.

मी इतकी हसले की चुलीवरचं दूध उतू गेलं. प्रत घेऊन यांच्याकडे धावत गेले, ती ओळ वाचून दाखवली. म्हटलं, बघा तुमचा चष्मेवाला! विमानं कडबा खातात ते त्याला पटलं! मला वाटलं, हेही हसतील. हे हसले नाहीत. खालच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "तू माले चोर करी टाकं."

त्या दिवसापर्यंत मला कोणाच्या बोलण्याने इतकी लाज वाटली नव्हती. मी लगेच दुरुस्तीचं पत्र लिहिलं. चारा चुकून लिहिला गेला, रक्कम परत भरायची आहे. उत्तर आलं, हे आश्चर्य. 'सदर पत्रक तपासले गेले असल्याने त्यात दुरुस्ती करता येत नाही.' हे पैसे घेऊन तिजोरीच्या खिडकीवर गेले, तर तिथला कारकून म्हणाला, कोणत्या खाती जमा करू? चाऱ्याचा पैसा परत, असं खातंच नाही. विमानांनी चारा खाल्ला नाही असं कोणाचं तरी लिहून आणा. हे ते रुपये परत घेऊन आले आणि फडक्यात बांधून छपराच्या वाशाला टांगून ठेवले. आमच्या घरात अडचण कमी नव्हती, पण त्या गाठोड्याला आम्ही दोघांनी हात लावला नाही. ते वाऱ्याने हलायचं आणि मी मान वर करायची नाही.

आता मिरच्यांच्या बायकांबद्दल सांगते. पन्नास-साठ बायका पट्टीवर ओळीने बसून देठ खुडायच्या. काही गावातल्या, बऱ्याचशा पाड्यांवरच्या भिल्ल बायका. घरी त्या भिली बोलायच्या, आमच्याशी अहिराणी. लांबून ते दृश्य मोठं सुंदर दिसायचं. लाल जमिनीवर रंगीत लुगड्यांची हलणारी रांग, आणि सगळ्यांच्या तोंडावर पदर बांधलेला. जवळ गेलं की कळायचं, त्यांचे हात कोपरापर्यंत आगीत असायचे. पाणी नाल्याचं, तेही पाऊण मैलावर. माझ्याकडे एक रांजण, तोही मी डोक्यावरून भरलेला. म्हाताऱ्या मुकादमणीने कितीदा म्हटलं होतं, "वैनी, सरकार इतलं भाडं लेस, एक हीर नई खंदावस?" विहिरीचा अर्जही झाला होता. कौलांच्या अर्जाबरोबर तोही कुठेतरी झोपला होता.

एके दुपारी एका तरण्या मुलीने विसरून मिरचीचा हात डोळ्याला लावला. तिचं ओरडणं मी घरात ऐकलं. रांजणात तळाशी दोन तांबे होते, ते घेऊन पळाले. दोन तांब्यांनी काय होतंय? बायका तिचे हात धरून बसल्या, एक जण घडा घेऊन नाल्याकडे धावली, आणि ती परत येईपर्यंत ती पोर मुरमावर डोकं घासत होती. आठ दिवस तिचा डोळा उघडला नाही. मग उघडला, पण त्या आठ दिवसांत मी नीट जेवले नाही.

मी वाशावरचं गाठोडं खाली काढलं आणि यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "हीर खंदा."

"तो पैसा इमानना शे."

"इमान काय आठे चारा खावाले येई ऱ्हायनं का? त्या पोरले पानी पाहिजे."

हे दोन दिवस चुन्याच्या गोलाभोवती फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खंदसू. पन पत्रकमा खरं लिखानं. त्याले समजाले पाहिजे."

त्या उन्हाळ्यात विहीर खणली. पट्टीच्या कडेला, उंबराच्या झाडापाशी. पैसे थोडेच होते, म्हणून गवंडी तेवढा पैशाने आणला आणि खणायला बायकाच आपापल्या नवऱ्यांना, भावांना घेऊन आल्या. चाचांनी रहाटाचं लाकूड दिलं. सतरा हातांवर पाणी लागलं. त्या दिवसाची आठवण मला स्वप्नासारखी येते, आवाजाशिवाय. खाली ओल्या मातीत चमकणारं कवडीएवढं पाणी, वर कडेने वाकलेली तोंडं. मुकादमणीने पहिली बादली ओढली, आणि प्यायच्या आधी सगळ्यांनी आपले हात त्यात बुडवले. मिरचीची आग पाण्याने जात नाही, ताक लागतं, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी बुडवले. एक जण रडत होती आणि हसतही होती.

पत्रकात मी लिहिलं, 'मजूर स्त्रियांचे सोयीकरिता विहीर, गतसालचे चाऱ्याचे शिल्लक रकमेतून.' यांनी ते तीनदा वाचून घेतलं. प्रत येईपर्यंत यांना झोप नव्हती. आली. तपासले.

यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मला सांगताच येणार नाही. "मंजूर व्हयनी," म्हणाले. "मी सांगेल ना तुले? तो चांगला मानूस शे. त्याले समजनं." त्या वर्षी त्यांनी चुन्याचा गोल दोनदा ओढला. माझ्या चाऱ्याचा गुन्हाही त्या शिक्क्याने धुऊन निघाला असं त्यांनी धरलं, आणि खरं सांगते, मलाही ते धरावंसं वाटलं. मीसुद्धा त्या चष्मेवाल्यावर थोडा विश्वास ठेवू लागले. दोन हिवाळे असे गेले. सकाळी रहाटाची करकर ऐकत मी अंथरुणात पडून राहायची आणि वाटायचं, असंच चालू दे.

महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती. कागदावरचं मुंबई राज्य खोडून नवं नाव आलं होतं. एका सकाळी मिरच्यांच्या मधून वाट काढत एक जीप आली. त्यातून साहेब उतरले. खरे साहेब, मुंबईचे. यांनी धावत जाऊन ठेवणीतली टोपी घातली, ट्रंक ओढत बाहेर आणली आणि सगळ्या वह्या, पावतीपुस्तकं, पंधरा वर्षांच्या प्रती खाटेवर ओळीने मांडल्या. मी दाराआडून पाहत होते. चाचा होते, मुकादमीण होती, बायका देठ खुडायचं थांबवून बघत होत्या. हवी होती तशी माणसं जमली होती.

साहेबांनी खाटेकडे पाहिलंही नाही. कोणी मोठी असामी दौऱ्यावर येणार होती, विमानाने यायचं घाटत होतं, म्हणून पट्टी पाहायला ते आले होते. चालत टोकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "ही विहीर कोणी खोदली?"

हे हुरूपाने पुढे झाले. ठरवून शुद्ध मराठीत बोलू लागले. "मंजूर आहे साहेब. पत्रकात लिहिलं होतं. तपासले म्हणून आलं." आणि ती प्रत पुढे केली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद घेतला, शिक्का पाहिला आणि हसून यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, हा शिक्का शिपाई मारतो. आलेल्या टपालावर मारायचाच असतो. वाचायला कोण बसलंय तिथे?"

"पन साहेब, पंधरा वर्षं..."

"पैसे भरलेत ना वेळेवर? मग झालं." कागद त्यांनी परत दिला. "धावपट्टीच्या हद्दीत खड्डा चालत नाही. आठ दिवसांत बुजवा. नाहीतर नोकरी जाईल तुमची, मला इलाज राहणार नाही."

जीप गेली. हे खाटेपाशी उभे राहिले. मुकादमीण जवळ आली, वह्या गोळा करायला वाकली, यांनी तिला करू दिलं नाही. एकेक वही स्वतः ट्रंकेत ठेवली.

विहीर बायकांनीच बुजवली. दुसऱ्या कोणाला मजुरी द्यायला पैसे नव्हते. आदल्या संध्याकाळी मुकादमीण म्हणाली, "वैनी, रांजण भरी ल्या. सकायथीन पानी नई." मी भरला. सकाळी त्यांनी मिरच्यांच्याच टोपल्यांतून मुरूम वाहिला. मीही वाहिला. पहिल्या टोपल्या पाण्यात पडल्या तेव्हा आवाज यायचा, नंतर नुसता मातीचा. ती डोळ्यावाली पोरगी माझ्यापुढे होती. हे लांब, चुन्याच्या गोलात पाठ फिरवून उभे होते. असामी शेवटी आगगाडीने आली, ठेसनावर हार घालून घेतले आणि गेली.

मी स्वतःला कितीदा विचारलं. चारा लिहिला नसता तर पैसा उरला नसता, विहीर झाली नसती, आणि यांचा तो माणूस मुंबईत सुखात वाचत बसला असता. बायकांना दोन हिवाळे पाणी मिळालं, असंही मी मनाला समजावते. पण त्या दोन हिवाळ्यांची किंमत यांनी मोजली, आणि विहीर काही यांनी मागितली नव्हती.

वर्ष संपलं. दुपारी मी कागद-शाई घेऊन ओसरीवर बसले. म्हटलं, "सांगा, गवतनं काय लिखू?"

हे पट्टीकडे पाहत होते. म्हणाले, "काहीबी लिख. तठे कोण वाचस?"

हे वाक्य मी पंधरा वर्षं त्यांना ऐकवत आले होते. त्यांच्या तोंडून ते मला ऐकायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पदराने पुसलं, आणि लिहायला लागले. गवत, मांडव, मिरच्या, चुना, दोरी. कमीजास्त काही नाही, जे होतं ते. मग सगळं मोठ्याने, एकही ओळ न गाळता त्यांना वाचून दाखवलं. ते ऐकत नव्हते.